वाचनालयांतील तीन राजे

ज्युबिलीची स्मरणिका हातीं पडली म्हणजे वाचक प्रथम जुन्या धर्मगुरूंचीं छायाचित्रें पाहतो, नंतर देणगीदारांच्या यादींत आपल्या वडिलांचें नांव शोधतो, आणि उरलेल्या वेळांत लेखांकडे वळतो. याबद्दल आमची तक्रार नाहीं. आम्हीहि तसेंच करीत आलों आहों. देवळाची पायाभरणी, घंटा, वेदी व शाळा यांचे वृत्तान्त लिहिणारे आमच्याहून अधिक जाणते आहेत. आमच्या वांट्यास मुलांच्या शिक्षणाचा विषय आला, व त्यांत कांहीं ऐतिहासिक असावें अशी सूचना झाली. विचार करतां करतां आमचें मन गांवाच्या वेशीपाशीं न थांबतां थेट अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत, हार्लेम नांवाच्या वस्तींतील एका सार्वजनिक वाचनालयांत जाऊन पोहोंचलें. त्या वाचनालयांत १९३० नंतरच्या दशकांत तीन राजांचा सण साजरा होत असे. आणि तो साजरा करणारी बाई कोणी धर्मभगिनी नसून वाचनालयाची पगारी नोकर होती. पुस्तकांच्या घरांत हा सण कसा शिरला, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

सार्वजनिक वाचनालय म्हटलें कीं आज मुलांची खोली डोळ्यांपुढें येते. परंतु आरंभीं या संस्थेंत मुलांस थारा नव्हता. १८५४ सालीं बोस्टन शहराचें सार्वजनिक वाचनालय उघडलें, व त्याच्या मागोमाग अमेरिकेंत गांवोगांव तशा संस्था निघाल्या. त्यांपैकीं पुष्कळांच्या नियमांत बारा, चौदा, कोठें सोळा वर्षांखालील मुलांस मज्जाव असे. कारणें तींच, जीं आपण आपल्याकडेहि ऐकलीं आहेत: मुलांचे हात मळके असतात, मुलें गलबला करतात, आणि गोष्टींचीं पुस्तकें वाचून बिघडतात. आमच्या लहानपणीं एका वाचनालयाच्या दाराशीं उभे राहून आम्ही आंतील कांचेच्या कपाटाकडे पाहत असूं. कपाटास कुलूप, किल्ली चिटणिसांच्या खिशांत, आणि चिटणीस दुपारच्या झोपेंत. एकदां धीर करून उंबरठा ओलांडला, तों "वडिलांस पाठव" एवढेंच उत्तर मिळालें. वडील शेतावर होते, व त्यांस वाचतां येत नव्हतें. त्या संस्थेचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. तशा संस्था त्या काळीं पुष्कळ होत्या.

अमेरिकेंत ही चाल मोडली ती मोठमोठ्या शिक्षणशास्त्र्यांनीं नव्हे, तर कांहीं ग्रंथपाल स्त्रियांनीं. ऱ्होड आयलंड संस्थानांत पॉटकेट नांवाचें कापडगिरण्यांचें गांव आहे. तेथील ग्रंथपाल मिनर्व्हा सँडर्स यांनीं १८७६ नंतरच्या वर्षांत रस्त्यावरचीं मुलें वाचनालयांत बोलाविण्यास आरंभ केला. मोठ्यांच्या खुर्चीवर बसलें असतां मुलाचे पाय लोंबकळत राहतात, आणि पाय लोंबकळत असले कीं मन पुस्तकांत राहत नाहीं. सँडर्सबाईंनीं खुर्च्यांचे पाय कापवून त्या ठेंगण्या केल्या, अशी हकीकत सांगतात. आम्हांस या इतिहासांत करवतीचा हा प्रसंग फार आवडतो. मुलांविषयींचें प्रेम पुष्कळ जण भाषणांत दाखवितात. सुताराला बोलावून दाखविणारे थोडे. हार्टफर्ड येथील कॅरोलाइन ह्यूइन्स यांनीं १८८२ सालीं मुलांना वाचावयास योग्य अशा पुस्तकांची यादी छापून काढली, तीहि याच खटपटींतली.

तरीपण मुलांच्या खोलीस खरें रूप आलें तें अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंच्या हातून. १८९६ सालीं ब्रुकलिन येथील प्रॅट इन्स्टिट्यूटच्या वाचनालयांत मुलांसाठीं बांधलेल्या खोलीची व्यवस्था त्यांच्याकडे आली, आणि १९०६ सालीं न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयाच्या सर्व शाखांतील मुलांच्या कार्यावर त्यांची नेमणूक झाली. या शाखांची संख्या त्या वेळीं झपाट्यानें वाढत होती. कारण पोलादाचे व्यापारी अँड्र्यू कार्नेगी यांनीं १९०१ सालीं न्यूयॉर्क शहरास शाखा-वाचनालयें बांधण्याकरितां सुमारें ५२ लक्ष डॉलर देऊं केले होते. इमारती कार्नेगींच्या पैशानें उभ्या राहिल्या. त्यांच्या आंत मुलांनीं कसें वागावें, किंबहुना मुलांशीं कसें वागावें, हें मूरबाईंनीं ठरविलें. त्यांनीं "शांतता राखा" अशा पाट्या उतरविल्या. पुस्तकें मुलांच्या हातास लागतील अशा उंचीवर ठेविलीं. खिडकींत बसण्यास जागा केली, मेजावर ताजीं फुलें ठेविलीं. ज्या मुलास आपलें नांव लिहितां येत असेल त्यानें एका मोठ्या वहींत तें लिहावें, पुस्तकांची काळजी घेण्याचें व नियम पाळण्याचें वचन द्यावें, आणि पुस्तक घरीं न्यावें, असा प्रघात पडला. वय विचारण्याचें कारण उरलें नाहीं. पांच-सहा वर्षांचें पोर टांचा उंचावून, जीभ बाहेर काढून, त्या वहींत आपलें नांव कोरीत असेल, तें चित्र आमच्या डोळ्यांसमोर उभें राहतें. आयुष्यांतला तो त्याचा पहिला करारनामा.

या खोल्यांतील सर्वांत मोठें कार्य म्हणजे गोष्टींचा तास. मेरी शेडलॉक नांवाच्या इंग्रज बाई १९०० च्या सुमारास अमेरिकेंत गोष्टी सांगत फिरल्या, व त्यांच्या कथनाचा मूरबाईंच्या मनावर फार परिणाम झाला. पुढें न्यूयॉर्कच्या वाचनालयांत गोष्टी सांगणें ही एक शिकण्याची विद्या ठरली. पुस्तक उघडून वाचून दाखवावयाचें नाहीं. गोष्ट आधीं आपली करून घ्यावयाची, आणि मग मुलांच्या डोळ्यांत पाहून सांगावयाची. मुलें अर्धवर्तुळांत बसत. एक मेणबत्ती लावण्यांत येई. ती जळत असेतोंपर्यंत दुसरें कोणीं बोलावयाचें नाहीं. गोष्टी संपल्या म्हणजे एखाद्या मुलानें मनांत इच्छा धरून ती विझवावयाची. आपणां वेदीवरील दिव्यांच्या सवयीच्या लोकांस या मेणबत्तीचा अर्थ सांगावयास नको. शाळेंत घंटा वाजते तेव्हां मूल सावध होतें. मेणबत्ती लागते तेव्हां तें आपण होऊन गप्प बसतें. या दोन शांततांमध्यें पुष्कळ अंतर आहे.

न्यूयॉर्क हें तेव्हां परदेशांतून आलेल्या लोकांचें शहर होतें, व अजूनहि आहे. इटलीचे कॅथॉलिक, रशियांतून पळून आलेले यहुदी, बोहेमियाचे चेक, आयर्लंडचे लोक अशा नाना वस्त्या एकमेकींस लागून होत्या. बापास इंग्रजी येत नसे, मुलास दोन वर्षांत येई, आणि मग घरांत बापाचें स्थान खालावे. वाचनालयांनीं या लोकांच्या भाषांतील पुस्तकें आणून ठेविलीं, हें त्यांचें मोठेंच शहाणपण होय. सूअर्ड पार्क शाखेंत तर गच्चीवर उघड्या हवेंत वाचण्याची सोय केली होती. कारण दाटीच्या चाळींत राहणाऱ्या मुलांस हवा मिळणें कठीण होतें.

आतां आमच्या मुख्य कथेकडे वळूं. कॅरिबियन समुद्रांत पोर्तो रिको नांवाचें एक बेट आहे. चारशें वर्षें तें स्पेनच्या ताब्यांत होतें. त्यामुळें तेथील लोकांची भाषा स्पॅनिश व धर्म बहुतांशीं कॅथॉलिक. वसई व गोवा यांचा पोर्तुगिजांशीं आलेला संबंध ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्या बेटाचें चित्र रंगविण्यास फार श्रम पडणार नाहींत: पांढरीं देवळें, संतांचे सण, माडाच्या रांगा. १८९८ च्या युद्धानंतर तें बेट अमेरिकेच्या हातीं गेलें, व १९१७ सालीं तेथील लोकांस अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें. मग पोटापाण्यासाठीं ते न्यूयॉर्कला येऊं लागले. १९२० सालीं पूरा बेल्प्रे नांवाची, सीद्रा गांवीं जन्मलेली तरुणी बहिणीच्या लग्नासाठीं त्या शहरांत आली. शिक्षिका व्हावें असा तिचा मानस होता व विद्यापीठाचें शिक्षणहि तिनें आरंभिलें होतें. लग्न झालें, पण ती परत गेली नाहीं. कांहीं काळ तिनें कपड्यांच्या कारखान्यांत काम केलें. १९२१ सालीं हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेच्या ग्रंथपाल अर्नेस्टाइन रोझ यांनीं स्पॅनिश जाणणारी मदतनीस म्हणून तिला नोकरी दिली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयांत नोकरीस लागलेली ती पहिली पोर्तो रिकन होय. रोझबाईंचें धोरण असें कीं, ज्या वस्तींत वाचनालय आहे त्या वस्तीचीं माणसें त्यांत कामास असावींत. ही गोष्ट आज साधी वाटते. परंतु त्या दिवसांत ती साधी नव्हती. याच इमारतींत १९२६ सालीं आर्तुरो शोंबर्ग या पोर्तो रिकोंत जन्मलेल्या संग्राहकाचा कृष्णवर्णीय लोकांच्या इतिहासावरील प्रसिद्ध ग्रंथसंग्रह आला. तेव्हां ती शाखा किती जागती होती याची कल्पना येईल.

पूराबाईंस मुलांच्या खोलींत काम मिळालें. लोककथांच्या कपाटाशीं उभें राहून त्या पुस्तकें लावीत. तेथें नॉर्वेच्या कथा होत्या, रशियाच्या होत्या, आयर्लंडच्या होत्या. अनेक देशांचीं मुलें आपापल्या आजीची गोष्ट त्या फळीवरून काढून घेऊं शकत होतीं. पोर्तो रिकोची मात्र एकहि नव्हती. हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि त्यांच्या पुढील सर्व आयुष्यास या एका निरीक्षणानें वळण लागलें. कारण कथा नव्हत्या असें नाहीं. त्यांच्या आजीनें त्या शेंकड्यानें सांगितल्या होत्या. फक्त त्या कोणीं लिहिल्या नव्हत्या, छापल्या नव्हत्या, आणि म्हणून वाचनालयाच्या दृष्टीनें त्या नव्हत्याच.

येथें आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. आमची आजी खाडीवरच्या एका खेंकड्याची गोष्ट सांगत असे. हा खेंकडा पैलतीरावरच्या एका लग्नास निघतो. आहेर म्हणून त्याच्या पाठीवर मुठीएवढी तांदळांची पुरचुंडी असते, आणि वाटेंत ज्याला त्याला तो आपण लग्नास चाललों असल्याचें ऐटीनें सांगतो. आजी ती गोष्ट आपल्या बोलींत सांगे, पुस्तकी मराठींत नव्हे. शाळेंत ती बोली उच्चारली तर हंशा पिके. म्हणून आम्ही ती शाळेच्या पायऱ्यांवर ठेवून आंत जात असूं, जशी पावसांत छत्री. संध्याकाळीं पुन्हा उचलून घेत असूं. पुढें शहरांत गेल्यावर उचलावयाचें राहून गेलें. वसईपासून डहाणूपर्यंतच्या किती घरांतून असें झालें असेल, हें वाचकांनींच मनाशीं मोजावें.

१९२६ सालीं पूराबाई वाचनालयाच्या शिक्षणशाळेंत दाखल झाल्या व मेरी गूल्ड डेव्हिस यांच्या कथाकथनाच्या वर्गांत बसल्या. तेथें त्यांनीं आजीची एक गोष्ट लिहून काढली. तिची नायिका झुरळीण आहे! आपल्याकडे झुरळ दिसलें कीं लोक चप्पल शोधतात. परंतु ही मार्तिना मोठी कुलीन, सुंदर व मानी आहे. ती नटूनथटून सज्जांत बसलेली असते. कोंबडा, बेडूक वगैरे मंडळी एकामागून एक तिला मागणी घालावयास येतात. प्रत्येकास ती एकच प्रश्न विचारते: तूं माझ्याशीं कसा बोलशील? प्रत्येक जण आपापल्या आवाजांत ओरडून दाखवितो, आणि ती त्यास वाटेस लावते. शेवटीं पेरेस नांवाचा सभ्य उंदीर येतो, त्याचा आवाज तिला गोड वाटतो, आणि लग्न होतें. पण संसार थोडाच. तांदूळ व बदाम घालून शिजत ठेविलेल्या पक्वान्नाच्या वासानें भुलून पेरेस भांड्यावर ओणवतो आणि आंत पडतो. मार्तिना त्याच्यासाठीं गाऊन शोक करते. मुलांच्या गोष्टींत मरण कशाला, असें म्हणणारे लोक तेव्हांहि होते, आतांहि आहेत. आमचें मत निराळें आहे. घरांत आजोबा वारले असतां ज्या मुलास दुसऱ्या खोलींत कोंडून ठेवतात, त्या मुलास मार्तिनेची गोष्ट उपयोगी पडते. ही कथा १९३२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तोंपर्यंत ती केवळ मेणबत्तीच्या उजेडांत तोंडीं सांगितली जात होती.

१९२९ सालीं पूराबाईंची बदली ११५ व्या रस्त्यावरच्या शाखेंत झाली. या भागांत पोर्तो रिकोचे लोक दाटीनें राहूं लागले होते. त्याच वर्षीं अमेरिकेंत मोठी आर्थिक मंदी कोसळली; कामें गेलीं. अशा दिवसांत फुकट मिळणारी एक उबदार खोली ही लहान गोष्ट नव्हे. परंतु येथेंहि एक अडचण होती. लोकांस वाटे, वाचनालय इंग्रजी जाणणाऱ्यांचें आहे. आपण आंत गेलों तर कोणी कांहीं विचारील, व आपणांस उत्तर देतां येणार नाहीं. पूराबाई दाराशीं वाट पाहत बसल्या नाहींत. वस्तींतील पोर्तो रिकन लोकांच्या संस्थांच्या सभांस त्या जात, आईबापांस भेटत, वाचनालय तुमचें आहे असें स्पॅनिशमध्यें सांगत. त्यांनीं स्पॅनिश पुस्तकें मागविलीं. गोष्टींचा तास दोन भाषांत सुरू केला. मुलाबरोबर आईहि येऊन बसूं लागली. आणि जी आई शहरांत सर्वत्र मुकी होती, ती या खोलींत मुलाच्या आधीं हसूं लागली, कारण गोष्टींतील विनोद तिला आधीं कळत होता. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत या हंशास काय नांव देतात तें असो. पोरासमोर आईची इभ्रत परत मिळाली, असें आम्ही म्हणूं.

भाषेचा हा प्रश्न आपणां मराठी ख्रिस्ती लोकांस नवा नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वित १५७९ सालीं गोव्यास आले. लोकांस तारणाची कथा सांगावयाची तर ती लोकांच्या भाषेंत व त्यांच्या ओळखीच्या ओवींत सांगावी, हें त्यांनीं जाणलें. आणि त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. ज्यांचे पूर्वज त्या ओव्या ऐकत बसले, त्यांस पूराबाईंचें कार्य समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां तीन राजांच्या सणाविषयीं. पोर्तो रिकोंत मुलांचा मोठा दिवस नाताळापेक्षांहि ६ जानेवारी हा असे. आदल्या दिवशीं मुलें गवत कापून पेटींत भरतात व ती पेटी खाटेखालीं ठेवतात. रात्रीं गास्पार, मेल्कोर व बाल्ताझार येतात, त्यांचीं दमलेलीं जनावरें गवत खातात, आणि सकाळीं पेटीजवळ खाऊ-खेळणीं सांपडतात. न्यूयॉर्कच्या चाळींत गवत कोठून आणावें? बर्फानें झांकलेल्या रस्त्यावरून उंट कसे येतील? त्या शहरांतील मुलांचा सण २५ डिसेंबरला संपून जाई. शाळेंत तीन राजांचें कोणी नांव काढीत नसे. पूराबाईंनीं हा सण ११५ व्या रस्त्यावरच्या वाचनालयांत आणला. गोष्टी, गाणीं, नाच व नाट्यप्रवेश यांनीं तो साजरा होऊं लागला, आणि शेजारपाजारचीं कुटुंबें मुलाबाळांसह लोटलीं. जो सण मागें बेटावर राहिला असें लोकांनीं मनाशीं ठरवून टाकलें होतें, तो त्यांस पुस्तकांच्या खोलींत भेटला.

हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें गोव्यांतील कासावलीचा ६ जानेवारीचा उत्सव येतो. तेथें तीन गांवांचीं तीन मुलें राजांचा वेष करून, डोक्यावर मुकुट घालून, घोड्यावर बसून निरनिराळ्या वाटांनीं टेकडीवरील देवळाकडे निघतात. चांदोर व रेइस मागोस येथेंहि असाच सण होतो. राजा झालेल्या त्या पोराचा चेहरा ज्यानें पाहिला आहे, त्यास मुलांचें शिक्षण केवळ पाटी-पेन्सिलीनें होत नाहीं हें निराळें सांगावें लागत नाहीं.

सार्वजनिक पैशानें चाललेल्या संस्थेंत धर्माचा सण कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु न्यूयॉर्कच्या मुलांच्या खोल्यांत मूरबाईंच्या काळापासून संत निकोलसाच्या दिवसासारखे दिवस पाळले जात होते, व त्यांत सर्व धर्मांचीं मुलें बसत. तेथें कोणास प्रार्थना म्हणावयास लावीत नव्हते. आपल्या घरीं काय चालतें हें शेजारच्या मुलास दाखवावें, आणि त्याच्या घरीं काय चालतें तें आपण पाहावें, एवढाच त्याचा भाग होता. आमच्या वाचनालयांत उद्यां ईदेची गोष्ट सांगितली गेली, किंवा चतुर्थीची, तर आम्ही मुलांस उठवून घरीं नेणार नाहीं.

पूराबाईंचें दुसरें साधन म्हणजे बाहुल्यांचा खेळ. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गांवच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस या कलेचें सामर्थ्य ठाऊकच आहे. पूराबाईंच्या बाहुल्यांत मार्तिना होती, पेरेस होता, तसाच हुआन बोबोहि होता. हुआन बोबो म्हणजे त्या बेटावरील लोककथांतला भोळसट पोरगा. जें सांगावें तें तो अक्षरशः करतो आणि घोटाळा होतो. आपल्याकडील शेखचिल्लीचा तो दूरचा भाऊ शोभेल. बाहुलीचा खेळ बसवावयाचा म्हणजे चिंध्या गोळा करणें, डोकें बनविणें, रंग देणें, संवाद पाठ करणें, पडद्यामागें गप्प राहून आपली पाळी सांभाळणें, हें सर्व आलें. यांत सुतारकाम आहे, शिवणकाम आहे, चित्रकला आहे, भाषा आहे, आणि सर्वांत कठीण म्हणजे दुसऱ्यास बोलूं देणें आहे. जें लाजाळू मूल वर्गांत तोंड उघडीत नाहीं, तें हातांत बाहुली दिली कीं धीट होतें. चूक झाली तर ती बाहुलीची झाली, आपली नव्हे, असें त्यास वाटतें. आम्हीं आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत हें अनुभविलें आहे. योनाच्या गोष्टींत माशाचें काम करणाऱ्या मुलानें वर्षभरांत प्रथमच त्या दिवशीं आवाज काढला होता.

१९४० सालीं सिनसिनाटी येथें भरलेल्या अमेरिकन ग्रंथपालांच्या परिषदेंत पूराबाईंनीं आपल्या कार्याविषयीं निबंध वाचला. त्याच नगरींत त्यांची क्लॅरेन्स कॅमेरॉन व्हाइट या संगीतकाराशीं ओळख झाली व १९४३ सालीं त्यांचा विवाह झाला. मग नोकरी सोडून त्या लेखनाकडे वळल्या. १९४६ सालीं त्यांचा वाघ व ससा यांच्या नांवाचा कथासंग्रह निघाला. पोर्तो रिकोच्या लोककथा इंग्रजींत संग्रहरूपानें अमेरिकेंत प्रथमच छापल्या गेल्या. ज्या फळीवर एकहि पुस्तक नव्हतें तिच्यावर आतां पुस्तकें आलीं, आणि तीं लिहिणारी बाई तीच, जिनें ती रिकामी जागा पाहिली होती. १९६० सालीं पति वारल्यावर त्या पुन्हा वाचनालयांत आल्या. १९६८ सालीं निवृत्त झाल्या, तरी दक्षिण ब्रॉन्क्स या गरीब वस्तींतील वाचनालयांच्या योजनेसाठीं बाहुल्यांचें फिरतें नाट्यगृह घेऊन हिंडूं लागल्या. १ जुलै १९८२ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांचे कागदपत्र न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजांतील पोर्तो रिकन अभ्यासकेंद्रांत जपून ठेविले आहेत. १९९६ सालापासून अमेरिकेंतील ग्रंथपाल-संस्था लॅटिन वंशाच्या लेखक-चित्रकारांच्या बालपुस्तकांस त्यांच्या नांवाचें पारितोषिक देत आल्या आहेत. ११५ व्या रस्त्यावरची ती शाखा अजून आहे. २०१७ सालीं तिला गायक हॅरी बेलाफॉन्टे यांचें नांव देण्यांत आलें.

हें सर्व अमेरिकेंत घडलें, आपल्याकडे काय, असें विचारणाऱ्यांस बडोद्याकडे बोट दाखवितां येईल. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ सालीं दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. १९०६ सालीं त्यांनीं सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळा सुटल्यावर मूल पुन्हा निरक्षर होतें, हें ओळखून त्यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविलें व वाचनालयांचें जाळें विणण्यास सांगितलें. महाराजांच्या खाजगी संग्रहांतील सुमारें २० हजार ग्रंथ मध्यवर्ती वाचनालयाच्या मुळाशीं होते. तेथें स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं निराळे विभाग होते. मुलांच्या विभागांत पुस्तकांबरोबर खेळहि ठेविले होते. खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या पाठवीत, आणि जेथें वाचणारेच नाहींत तेथें जादूचा कंदील व चलच्चित्रें दाखवीत. मोतीभाई अमीन यांच्यासारखा माणूस गांवोगांव हिंडून लोकांकडून वाचनालयें उभारवून घेत होता. १९१२ सालीं बडोद्याहून वाचनालयांविषयींचें त्रैमासिक निघूं लागलें. त्यांत इंग्रजी व गुजराथीच्या बरोबरीनें मराठी भागहि असे. म्हणजे मूरबाईंच्या मेणबत्त्या लागत होत्या त्याच वर्षांत मराठी वाचकांस या विषयाची वार्ता आपल्या भाषेंत मिळत होती. ती आपल्या गांवापर्यंत कां पोहोंचली नाहीं, याचें उत्तर त्या कुलूप लावलेल्या कपाटाजवळ सांपडेल.

लेख येथें थांबावयाचा. परंतु खेंकड्याचें अर्धेंच सांगून ठेविलें आहे. लग्नास निघालेला तो खेंकडा खाडीच्या मध्यावर येतो, तेव्हां भरती लागते. पाठीवरचे तांदूळ भिजूं लागतात. तो एका होडीस हांक मारतो. पुढें काय होतें, तें आम्हांस आठवत नाहीं. आमच्या वडील बहिणीस विचारलें. तिला होडीपर्यंतहि आठवत नव्हतें. आजीबरोबरच्या बायका आतां राहिल्या नाहींत, पण त्यांच्या लेकी-सुना आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं या ज्युबिलीच्या मिस्सेस निश्चित येतील. ज्या माउलीस ही गोष्ट ठाऊक असेल तिनें रविवारीं धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर शाळेच्या ओटीवर यावें. मुलें चटईवर बसलेलीं असतील. ती आपल्या बोलींतच सांगावी. लिहून घेणारा आम्ही बसवूं.